भोजनपर्यायी पेय

भोजनपर्यायी पेय हे दिवसातील एखाद्या जेवणाच्या जागी घेण्यासाठी तयार केलेले, ऊर्जा व पोषकद्रव्ये मोजून घातलेले पेय होय. बाजारात ते ‘मील रिप्लेसमेंट शेक’ किंवा नुसते ‘शेक’ या नावाने ओळखले जाते. ते भुकटीच्या रूपात डब्यातून किंवा तयार पेयाच्या रूपात बाटलीतून विकले जाते. वजन घटवणे, वेळ वाचवणे आणि आजारपणात पोषण टिकवणे हे त्याचे प्रमुख उपयोग आहेत. नेहमीच्या अन्नाच्या तुलनेत या पेयाची किंमत बरीच जास्त असते. त्यामुळे त्यावर होणारा खर्च योग्य आहे का, हा प्रश्न आहारशास्त्रात आणि ग्राहकहिताच्या चर्चेत वारंवार उपस्थित होतो.

व्याख्या व भेद

भोजनपर्यायी पेयात प्रथिने, कर्बोदके, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे आणि खनिजे या सर्वांचा समावेश अपेक्षित असतो. याच कारणाने ते पुढील उत्पादनांहून वेगळे ठरते :

• प्रथिनांची भुकटी : ही आहाराला जोड म्हणून घेतात. तिच्यात इतर पोषकद्रव्ये पुरेशी नसतात, म्हणून ती जेवणाची जागा घेऊ शकत नाही.
• दुधात घालावयाची माल्टयुक्त पेये : यांत बहुधा साखरेचे प्रमाण अधिक असते. भारताच्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी कोणतीही व्याख्या नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने अशी पेये त्या वर्गातून काढण्याची सूचना ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना केली होती.
• वैद्यकीय पोषणपेये : ही गिळण्याची अडचण, शस्त्रक्रिया, कर्करोग इत्यादी अवस्थांत वैद्यकीय सल्ल्याने देतात. त्यांचा हेतू बहुधा वजन टिकवणे किंवा वाढवणे हा असतो.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या १९९१ च्या मानकानुसार वजन नियंत्रणासाठीच्या एका पर्यायी भोजनातून २०० ते ४०० किलोकॅलरी ऊर्जा मिळावी आणि तिचा २५ ते ५० टक्के भाग प्रथिनांचा असावा. युरोपीय संघात वजन घटवण्याचा दावा करणाऱ्या अशा भोजनासाठी २०० ते २५० किलोकॅलरींची मर्यादा आहे.

इतिहास

या पेयांचे मूळ रुग्णालयांतील आहारात आहे. मीड जॉन्सन या अमेरिकन कंपनीने रुग्णांसाठीच्या ‘सस्टाजेन’ या भुकटीच्या धर्तीवर १९५९ मध्ये ‘मेट्रेकल’ बाजारात आणले. दिवसाला ९०० किलोकॅलरी पुरवणारे हे पेय अमेरिकेत अल्पावधीत लोकप्रिय झाले. १९७७ मध्ये आलेल्या ‘स्लिम-फास्ट’ने दोन वेळा पेय आणि एक वेळ बेताचे जेवण ही पद्धत रूढ केली.

याच दशकात एक गंभीर प्रकरण घडले. कोलॅजेनपासून बनवलेल्या द्रवरूप प्रथिनांवरच राहण्याची पद्धत अमेरिकेत पसरली. त्या प्रथिनांचा दर्जा निकृष्ट होता आणि त्यांत आवश्यक खनिजे पुरेशी नव्हती. हृदयाचे ठोके अनियमित होऊन अनेकांचे मृत्यू झाले. त्यानंतर अत्यल्प ऊर्जेच्या आहारांवरील वैद्यकीय देखरेखीचे महत्त्व मान्य झाले.

१९८८ मध्ये दूरचित्रवाणी निवेदिका ओप्रा विन्फ्रे यांनी द्रव आहाराने सुमारे ३० किलो वजन घटवल्याचे आपल्या कार्यक्रमात जाहीर केले. पुढे ते वजन परत वाढल्याचेही त्यांनी स्वतःच सांगितले. पेय थांबल्यावर घटलेले वजन टिकवायचे कसे, ही या पद्धतीची मुख्य अडचण या उदाहरणाने सर्वांसमोर आली.

अमेरिकेतील ‘सॉयलेंट’ (लोकवर्गणीतून आरंभ २०१३) आणि ब्रिटनमधील ‘ह्युएल’ (२०१५) या उत्पादनांनी स्वयंपाकाचा वेळ वाचवण्यावर भर दिला.

घटक

प्रथिनांसाठी मठ्ठ्यातील प्रथिने, दुधाची भुकटी, सोयाबीन किंवा वाटाणा वापरतात. कर्बोदकांसाठी माल्टोडेक्स्ट्रिन, ओट किंवा साखर आणि स्निग्धांशासाठी वनस्पती तेल असते. त्यांत जीवनसत्त्वे, खनिजे, तंतुमय पदार्थ, दाटपणा आणणारे पदार्थ, स्वाद आणि मधुरके मिसळतात.

भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक भुकट्या दुधात मिसळून घेण्याची सूचना वेष्टनावर असते. अशा पेयाच्या पोषणमूल्यातील मोठा वाटा दुधाचाच असतो. वेष्टनावरील कोष्टकात दिलेले आकडे केवळ भुकटीचे आहेत की दुधासह आहेत, हे त्यामुळे पाहावे लागते.

परिणामकारकता

दिवसातील एक-दोन जेवणांच्या जागी पेय घेण्याच्या पद्धतीवर अनेक अभ्यास झाले आहेत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, तेवढ्याच ऊर्जेचा नेहमीचा आहार घेणाऱ्यांपेक्षा पेय घेणाऱ्यांचे वजन सरासरी अडीच किलोंच्या आसपास अधिक घटल्याचे आढळले. जेवणाचे माप आधीच ठरलेले असणे, हे यामागील मुख्य कारण मानले जाते. या क्षेत्रातील बऱ्याच संशोधनाला उत्पादकांचे साहाय्य असते, ही बाब निष्कर्ष वाचताना लक्षात घ्यावी लागते.

सर्व जेवणांच्या जागी काही काळ पेयेच देण्याच्या पद्धतीचा पुरावा अधिक भक्कम आहे. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या चाचणीत टाइप २ मधुमेह होऊन सहा वर्षांहून अधिक काळ न झालेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या व्यक्तींना तीन ते पाच महिने दररोज ८२५ ते ८५३ किलोकॅलरींची पेये व सूप देण्यात आले. एका वर्षानंतर त्यांपैकी ४६ टक्के व्यक्तींचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. दोन वर्षांनंतर ४६ टक्क्यांचे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. या चाचणीतील जवळजवळ सर्व सहभागी श्वेतवर्णीय होते, त्यामुळे तिचे आकडे भारतीयांना जसेच्या तसे लागू होतील असे गृहीत धरता येत नाही.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रॉपलेट’ या ब्रिटिश चाचणीत अशा पद्धतीने वर्षअखेर सरासरी १०.७ किलो वजन घटले, तर नेहमीच्या सल्ल्याने ३.१ किलो. दोन्ही चाचण्यांत पेयांसोबत नियमित समुपदेशन होते आणि नेहमीचे अन्न टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करण्यात आले होते. म्हणून हे यश संपूर्ण कार्यक्रमाचे आहे. नुसता डबा विकत घेतल्याने तेच फळ मिळेल, असा अर्थ त्यातून निघत नाही.

खर्चाचा विचार

किमतीची तुलना डब्याच्या वजनावरून न करता एका पेल्याच्या खर्चावरून आणि त्यातून मिळणाऱ्या पोषणावरून करणे योग्य ठरते. रीत स्पष्ट व्हावी म्हणून पुढील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत.

समजा, ५०० ग्रॅम भुकटीचा डबा १,५०० रुपयांना मिळतो आणि एका पेल्यास २५ ग्रॅम भुकटी लागते. डब्यातून २० पेले होतात, म्हणजे एका पेल्यातील भुकटी ७५ रुपयांची. त्यातून ९ ग्रॅम प्रथिने आणि ९० किलोकॅलरी मिळतात असे धरू. ६० रुपये लिटर भावाने ३०० मिलिलिटर टोन्ड दूध १८ रुपयांचे होते. त्यातूनही सुमारे ९ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १७५ किलोकॅलरी मिळतात. पेला एकूण ९३ रुपयांचा होतो, परंतु त्यातील निम्मी प्रथिने आणि जवळजवळ दोन तृतीयांश ऊर्जा १८ रुपयांच्या दुधातून येते. दिवसाला दोन पेले घेतल्यास महिन्याला केवळ भुकटीचाच खर्च ४,५०० रुपये होतो.

तेवढीच ९ ग्रॅम प्रथिने सुमारे ४५ ग्रॅम डाळ्यांच्या पिठातून मिळू शकतात. १४० रुपये किलो भावाने ती साधारण ६ रुपयांत पडतात. मात्र त्यातून ऊर्जा अधिक, सुमारे १६५ किलोकॅलरी मिळते आणि भुकटीत वेगळी घातलेली जीवनसत्त्वे त्यात नसतात. प्रथिनांचा विचार करता भुकटी महाग पडते, हे यावरून दिसते. जास्तीची किंमत ठरलेले माप, वेळेची बचत, मिसळलेली सूक्ष्म पोषकद्रव्ये, स्वाद आणि जाहिरात यांसाठी मोजली जाते. थेट विक्री पद्धतीच्या उत्पादनांत विक्रेत्यांच्या साखळीचे कमिशनही किमतीत येते.

पेयामुळे कोणते जेवण टळते, यावरही हिशोब अवलंबून असतो. उपाहारगृहातील महागडे जेवण टळत असेल तर पैसे वाचू शकतात. घरच्या पोळीभाजीच्या डब्याऐवजी पेय घेतल्यास खर्च बहुधा वाढतो, आणि पेय घेऊनही जेवण पूर्ववत राहिल्यास खर्च व वजन दोन्ही वाढतात.

मर्यादा व धोके

द्रव अन्नाने घन अन्नाइतकी तृप्ती साधारणतः मिळत नाही. काहींना बद्धकोष्ठता, पोटफुगी किंवा दुग्धशर्करा न पचण्याचा त्रास होतो. वजन वेगाने घटल्यास पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. वृद्धांमध्ये चरबीसोबत स्नायूही घटणे धोक्याचे असते. एकत्र बसून जेवण्याचे सामाजिक महत्त्व आणि योग्य प्रमाणात वाढून घेण्याची सवय या गोष्टी पेयाने साध्य होत नाहीत.

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन अथवा वॉरफेरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून अशा आहाराला सुरुवात करणे धोकादायक आहे, कारण आहार बदलताच औषधाची मात्रा बदलावी लागू शकते. गर्भवती व स्तनदा माता, मुले आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्या व्यक्तींसाठीही स्वतंत्र वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो.

भारतातील नियमन

विशेष आहारासाठीच्या अन्नपदार्थांचे नियमन भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण करते. यासंबंधीची नियमावली २०१६ मध्ये अधिसूचित झाली. वेष्टनावर प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असणे बंधनकारक आहे. हा क्रमांक उत्पादकाकडे परवाना असल्याचे दर्शवतो. वजन घटेलच, याची ती हमी नव्हे. थेट विक्रीच्या व्यवहारांना २०२१ चे ग्राहक संरक्षण नियम लागू होतात.

सारांश

उपलब्ध पुराव्यानुसार, वैद्यकीय देखरेखीखाली, ठरावीक मुदतीसाठी आणि नंतरच्या आहाराचे नियोजन करून घेतलेल्या भोजनपर्यायी पेयांवरील खर्च समर्थनीय ठरू शकतो. आजारपणात अन्न जात नसल्यास वैद्यकीय पोषणपेयांचे मूल्य निर्विवाद आहे. निरोगी व्यक्तीच्या रोजच्या जेवणाला पर्याय म्हणून मात्र दूध, कडधान्ये, भाज्या आणि धान्ये यांचा मोजका आहार कमी खर्चात तेच काम करू शकतो.

हे सुद्धा पहा

• संतुलित आहार
• स्थूलता
• टाइप २ मधुमेह
• सातू
• ग्राहक संरक्षण कायदा