नायक स्कॉटलंडला गेलाच नाही

दुसऱ्या महायुद्धाचे अखेरचे पर्व चालू असताना, १९४४ साली, मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या जोडीने एका विनोदी प्रेमकथेचे चित्रण केले. ‘आय नो व्हेअर आय ॲम गोइंग’ हा तो ब्रिटिश बोलपट १९४५ साली प्रदर्शित झाला. वस्तुतः त्यांना रंगीत चित्रपट काढावयाचा होता. परंतु युद्धामुळे रंगीत चित्रणाचे कॅमेरे मिळेनात. त्या सक्तीच्या सवडीत ही कृष्णधवल कृती जन्मास आली. प्रेसबर्गरने तिची पटकथा अवघ्या काही दिवसांत लिहिली.

कथा साधी आहे. एक महत्त्वाकांक्षी तरुणी धनाढ्य कारखानदाराशी विवाह करण्यासाठी स्कॉटलंडजवळील एका बेटाकडे निघते. वादळामुळे ती अलीकडच्या किनाऱ्यावरच अडकते आणि तेथे तिला रजेवर आलेला एक नौदल अधिकारी भेटतो. बेट खरे त्याचेच; कारखानदार केवळ भाडेकरू!

नायकाची भूमिका रॉजर लिव्हसीकडे होती. पण लंडनच्या रंगभूमीवर त्याचे नाट्यप्रयोग चालू असल्याने त्याला शहर सोडता येईना. तेव्हा दूरच्या दृश्यांसाठी एक तोतया उभा करण्यात आला. मराठी माणसाला तोतया म्हटले की सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. हा मात्र खुद्द नायकाच्या संमतीने आलेला! लिव्हसीने त्याला आपली चाल शिकविली. जवळची दृश्ये लंडननजीकच्या डेनहॅम स्टुडिओत घेतली गेली. नायकाने स्कॉटलंडच्या भूमीवर पाऊलही ठेवले नाही.

जुरा आणि स्कार्बा या बेटांमधील कॉरिव्रेकनचा भोवरा हा कथेचा कळसबिंदू. त्याच्या चित्रणासाठी पॉवेलने स्वतःला नौकेच्या डोलकाठीस बांधून घेतले. उरलेला भोवरा स्टुडिओतील पाण्याच्या हौदात निर्माण करण्यात आला.

या साऱ्या हिकमतींमागे एक गंभीर विचार होता. पैसा नसणे म्हणजे दरिद्री असणे नव्हे, असे ही विनोदी कथा सुचविते. ती लिहिणारा प्रेसबर्गर हा हंगेरीत जन्मलेला ज्यू होता. नाझींची सत्ता आल्यावर १९३३ साली त्याला बर्लिन सोडावे लागले. पुढे त्याची आई आउश्वित्सच्या छावणीत मृत्यू पावली. पडद्यावरील नायक तोतया होता, भोवराही निम्मा कृत्रिम होता. परंतु माणसाने कशाला मोल द्यावे हा प्रश्न मात्र अस्सल होता.