सिमकार्ड आणि आयएमईआय: मोबाइलच्या ओळखीचा इतिहास

तारेच्या टेलिफोनला ग्राहक ओळखण्याची वेगळी सोय लागत नसे. एक्स्चेंजमधून निघालेली तारांची जोडी एकाच घरात जाई आणि त्या जोडीवर झालेल्या बोलण्याचे बिल त्या घराला लागे. मोबाइलमध्ये ही तारच नाही. फोन कुठूनही बोलतो, म्हणून आपण कोण हे त्याला रेडिओलहरींवरून सांगावे लागते आणि त्या लहरी कोणालाही पकडता येतात. बिल कोणाच्या खात्यावर लावायचे आणि समोरचे यंत्र कोणते, हे दोन प्रश्न कंपनीपुढे तेव्हापासून उभे राहिले.

अमेरिकेतील पहिली व्यावसायिक सेल्युलर सेवा १३ ऑक्टोबर १९८३ रोजी शिकागोत सुरू झाली. तेथे दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी, फोनच्या आतच ठेवले होते. कारखान्यात बसवलेला ३२ बिटांचा अनुक्रमांक, म्हणजे ईएसएन, आणि दहा अंकी नंबर हे दोन्ही फोन टॉवरला कळवी, तेही उघडपणे. रेडिओ स्कॅनर घेऊन रहदारीच्या रस्त्याकडेला बसणाऱ्याला अशा जोड्या सहज मिळत. त्या दुसऱ्या फोनमध्ये भरल्या की बोलणार एक आणि बिल भरणार दुसराच. १९९०च्या दशकात या ‘क्लोनिंग’ने अमेरिकी कंपन्यांना इतके पोळले की १९९८ मध्ये त्याविरुद्ध कायदा कडक करावा लागला. दोष चोरांच्या हुशारीपेक्षा रचनेत अधिक होता. जे सांगितल्याशिवाय ओळख पटत नाही, तेच सर्वांसमोर बोलायला लावणारी ती पद्धत होती.

युरोपने वेगळी वाट धरली. पश्चिम जर्मनीत १९८५ साली सुरू झालेल्या ‘सी-नेट्स’ सेवेत ग्राहकाची ओळख कार्डावर ठेवलेली होती. १९८२ पासून सामाईक युरोपीय मानकावर, म्हणजे पुढच्या जीएसएमवर, काम करणाऱ्या तज्ज्ञांनी ही कल्पना पूर्णत्वाला नेली. ग्राहक चिपच्या कार्डात, यंत्र वेगळे. म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंट कंपनीने पहिली ३०० सिमकार्डे फिनलंडच्या रेडिओलिंयाला विकली. त्याच रेडिओलिंयाच्या जाळ्यावरून १ जुलै १९९१ रोजी माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी जीएसएमवरचा पहिला कॉल केला. ते कार्ड बँकेच्या कार्डाएवढे होते. पुढे त्याच्या कडा कापल्या गेल्या आणि २०१२ मध्ये नॅनो सिम आले, तरी आतले काम तेच राहिले.

सिममधला मुख्य क्रमांक आयएमएसआय. तो जास्तीत जास्त १५ अंकांचा असतो. पहिले तीन अंक देशाचे, भारतासाठी ४०४ किंवा ४०५. पुढचे दोन-तीन अंक कंपनीचे आणि उरलेले ग्राहकाचे. मुंबईत ४०४-२० हा संकेतांक ज्या सेवेकडे होता, तिच्यावरची पाटी मॅक्सटच, ऑरेंज, हच, व्होडाफोन आणि व्हीआय अशी बदलत गेली, पण अंक तेच राहिले. परगावी किंवा परदेशी गेलेला फोन हा क्रमांक सांगतो, तेव्हा तिथले जाळे पहिल्या अंकांवरून मूळ कंपनी ओळखते आणि तिच्या नोंदवहीला विचारणा करते. लोक जो दहा अंकी नंबर एकमेकांना देतात, तो त्या नोंदवहीतल्या आयएमएसआयला जोडलेला असतो. म्हणूनच २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. नंबर तोच राहतो; सिम आणि त्यातला आयएमएसआय मात्र नवा येतो.

क्लोनिंगवरचा जीएसएमचा उपाय सुरेख होता. प्रत्येक सिममध्ये १२८ बिटांची एक गुप्त किल्ली असते आणि तिची प्रत फक्त मूळ कंपनीकडे. जाळे एक यादृच्छिक संख्या पाठवते. सिम त्या संख्येवर किल्ली वापरून गणित करते आणि फक्त उत्तर पाठवते. किल्ली हवेत कधी जातच नाही, त्यामुळे चोरून ऐकलेले उत्तर पुढच्या वेळी निरुपयोगी ठरते. शिवाय आयएमएसआय वारंवार उघडा पडू नये म्हणून स्थानिक जाळे फोनला एक तात्पुरता क्रमांक देते आणि तो अधूनमधून बदलते.

तरी दोन फटी राहिल्या. अनेक कंपन्या त्या गणितासाठी ‘कॉम्प१२८’ ही गुप्त ठेवलेली रीत वापरत. एप्रिल १९९८ मध्ये बर्कलीचे इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी तिच्यातून किल्ली काढता येते हे दाखवले. मात्र त्यासाठी सिम काही तास हाती असावे लागते. दुसरी फट अधिक गंभीर होती. जीएसएममध्ये फोनची परीक्षा होत असे, टॉवरची नाही. त्यामुळे खोटा टॉवर उभारून आसपासच्या फोनना आयएमएसआय विचारणारी उपकरणे १९९०च्या दशकातच तयार झाली आणि पोलीस व गुप्तचर यंत्रणांनी ती वापरली. तिसऱ्या पिढीत जाळ्यालाही स्वतःची ओळख पटवावी लागू लागली, पण पहिल्या भेटीत आयएमएसआय उघडाच जाई. हे बदलायला पाचव्या पिढीचे २०१८ मधील मानक यावे लागले. त्यात मूळ कंपनीच्या सार्वजनिक किल्लीने ग्राहकाचा क्रमांक कुलूपबंद करूनच पाठवण्याची सोय आहे.

सिमशिवायचा मार्ग भारतानेही पाहिला. २००३ च्या सुमारास घरोघर पोचलेल्या रिलायन्सच्या, जीएसएमऐवजी सीडीएमए तंत्रावर चालणाऱ्या सुरुवातीच्या फोनमध्ये काढता येणारे कार्ड नव्हते. ग्राहकाचे खाते हँडसेटच्या ईएसएनला बांधलेले असे, त्यामुळे हँडसेट बदलायचा तर कंपनीकडेच जावे लागे.

यंत्राची ओळख म्हणजे आयएमईआय. ‘*#०६#’ दाबल्यावर दिसणाऱ्या या १५ अंकांपैकी पहिले आठ फोनचे मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या नगाचा अनुक्रमांक असतात आणि शेवटचा अंक आधीच्या १४ अंकांवरून पडताळणीसाठी काढलेला असतो. कॉल कोणाच्या खात्यावर जातो याच्याशी त्याचा संबंध नाही. चोरीचा फोन काळ्या यादीत टाकून बंद करणे हा त्याचा मूळ उपयोग. मात्र तो सिममधल्या किल्लीसारखा संरक्षित नसतो. फोन जो सांगेल तो जाळ्याने मानायचा, हीच त्याची कायमची दुर्बलता आहे.

भारतात ती स्वस्त आयात फोनमुळे उघड झाली. अनेक फोनमध्ये आयएमईआयच्या जागी नुसती शून्ये होती. तपासात अशा फोनचा माग लागत नसल्याने दूरसंचार विभागाच्या आदेशानुसार ३० नोव्हेंबर २००९ नंतर वैध आयएमईआय नसलेल्या फोनची सेवा थांबवण्यात आली. पण खरा दिसणारा क्रमांक अनेक फोनमध्ये भरला तर? २०२० मध्ये मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर १३ हजारांहून अधिक फोन चालताना आढळले. २०१७ च्या नियमांनी हा क्रमांक बदलणे गुन्हा ठरवले होते आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. हरवलेला फोन सर्व कंपन्यांच्या जाळ्यांवर एकदम बंद करणारी सीईआयआर ही केंद्रीय नोंदवही सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम महाराष्ट्रात प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ संकेतस्थळामार्फत ती देशभर खुली झाली. फोन सापडल्यावर मालकाला त्याच ठिकाणी बंदी उठवण्याची विनंती करता येते.