मऊ स्प्रिंग, घट्ट शॉकअप

स्पोर्ट्स कार म्हणजे दगडासारखं कडक सस्पेन्शन, हा माझा कॉलेजपासूनचा समज. त्याच भरात एका पावसाळ्यात बाइकचे मागचे शॉकअप शेवटच्या खाचेवर नेले. पहिल्याच खड्डेवाल्या वळणावर मागचं चाक उडालं आणि मी आडवा! गुडघ्यावर खूण अजून आहे. असो.

हा समज खोडला कॉलिन चॅपमनने. गडी शिकला सिव्हिल इंजिनिअरिंग, पण १९४८ साली लंडनमध्ये एका गॅरेजात जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून स्वतःची गाडी बांधली. पुढे त्याच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये 'लोटस सेव्हन' आणली. ब्रिटनमध्ये तेव्हा तयार गाडीवर पर्चेस टॅक्स असे. सुटे भाग घेऊन घरी जोडले की तो वाचायचा. म्हणून लोकांनी घरोघरी सेव्हन जोडल्या. वजन जेमतेम ५०० किलो! चारही कोपऱ्यांत शॉकअप आणि त्याभोवती कॉइल स्प्रिंग.

लोटसची रीत अशी : स्प्रिंग मऊ, आवर घालायचं काम शॉकअपचं. का? चाक रस्त्याला चिकटलेलं असेल तरच पकड. स्प्रिंग फार कडक असली तर हलकी गाडी खड्ड्यावर उडते, आणि हवेतलं चाक ना वळवतं, ना थांबवतं.

थोडं गणित करू. एका चाकावर १२५ किलो भार आणि चाकापाशी स्प्रिंगचा जोर मिलिमीटरला १५ न्यूटन, तर गाडी सेकंदाला साधारण १.७ वेळा झुलते. तीच स्प्रिंग २५० किलोवर लावा, १.२ वेळा. म्हणजे जड गाडीतली आरामदायी स्प्रिंग हलक्या गाडीत कडक होते! शिवाय स्प्रिंग तिरकी किंवा चाकापासून आत बसवली असेल तर तिचा चाकापर्यंत पोचणारा जोर आणखी घटतो, तोही हिशेबात धरायचा.

म्हणून घरी गाडी बांधणाऱ्याने आधी ड्रायव्हरला बसवून चारही कोपरे तोलावेत, मग स्प्रिंग ठरवावी, आणि शॉकअप सर्वांत शेवटी, त्या स्प्रिंगला साजेसा. आम्ही नेमकं उलटं करतो : आधी लाल रंगाचा शॉकअप!

१९७३ मध्ये ब्रिटनमध्ये पर्चेस टॅक्स जाऊन व्हॅट आला, ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमने घेतले. गाडी आजही बनते, सुट्या भागांतसुद्धा मिळते.

मी मात्र बाइक दुसऱ्या खाचेवर आणलीय. गुडघा समाधानी आहे.