६२० फुटांचा अंतरपाट

तोंड मिटून घ्या. बोलायचं ते गाडी थांबल्यावर बोला, नाहीतर पहिल्याच वळणाला दाताखाली कचकच सुरू होईल. ही धूळ साधी नाही. तांबूस, पिठासारखी मऊ आणि भलतीच चौकस. पापण्यांत शिरते, कानांत शिरते, कॉलरच्या आत उतरते, कडी लावलेल्या पेटीतल्या लग्नाच्या कपड्यांपर्यंत पोचते. अंगावर हा मातकट रंगाचा पायघोळ लिननचा डगला चढवलाय तो काही मिरवायला नाही. आजूबाजूला बघा, गाडीतले सगळेच तसले डगले घालून बसलेत. एखाद्या दुकानातलं फर्निचर चादरी घालून झाकावं तशी माणसं.

साल १९०२. उन्हाळा. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाचे डोंगर, आणि तुम्ही पळून आलेले आहात.

'पळून जाऊन लग्न' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. मध्यरात्र, मागचं दार, एक पिशवी, आणि सकाळी डोक्याला हात लावून बसलेली आई. तुमचं तसं नाही. तुमच्या मागे कुणी काठ्या घेऊन लागलेलं नाही. तुम्ही पळालात ते याद्यांपासून. चारशे नावं, त्यांत मामांच्या व्याह्यांची सात, शिवाय 'त्यांना नाही बोलावलं तर बरं दिसेल का' या प्रश्नाची रोज रात्री भरणारी बैठक. दोघांनीच लग्न करायचं, एखाद्या मोठ्या जंगलात, धबधब्याजवळ, असं तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, पळायचंच आहे तर जरा लांब पळू. सव्वाशे वर्षं मागे. एक सवलत मी तुमच्यासाठी मागून घेतली आहे: तुम्ही कुठले, कुठल्या रंगाचे, हे या प्रवासात कुणी विचारणार नाही. ती सवलत केवढी मोठी, ते पुढे कळेलच.

चार घोडे, तीन बाकं, शेजारी तुमचं माणूस आणि पलीकडे ज्यांची कोपरं तुमच्या बरगड्यांना आता पाठ झाली आहेत असे अनोळखी प्रवासी. रात्रीच्या रेल्वेनं रेमंडला उतरलात, तिथून भाड्याच्या बग्गीनं मारिपोसा गाठलं, मग ही गाडी. मारिपोसाचा फेरा टाळता आला नसता. योसेमिटीची दरी मारिपोसा काउंटीत येते, आणि लग्न जिथं लागणार तिथल्याच काउंटीच्या कारकुनानं परवाना द्यायचा, असा इथला नियम. म्हणजे पळून आलेल्या माणसांनाही पहिली सलामी सरकारी टेबलालाच. १८५४ साली बांधलेलं ते लाकडी कोर्ट आठवतंय ना? आत शाईचा, जुन्या कागदांचा आणि उन्हानं तापलेल्या फळ्यांचा वास. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं, वयं विचारली, टाक बुडवला. कागद आता तुमच्या आतल्या खिशात आहे, घामानं जरा ओला.

आणि अंगठी? बुटात. दरोडे पडतात या रस्त्यावर. तोंडाला फडकं बांधलेला माणूस झाडीतून बंदूक घेऊन निघतो आणि प्रवाशांना खाली उतरवून खिसे रिकामे करतो. गाडीवान हे किस्से लगाम सैल सोडून, अगदी चवीनं सांगतो. प्रत्येक किस्सा नेमका पुढच्याच वळणावर घडलेला असतो. तुमच्या टाचेखाली अंगठी टोचते, पण बूट काढायची काही तुमची हिंमत होत नाही.

वावोना. संध्याकाळ. पांढरं दुमजली हॉटेल, लांबच लांब व्हरांडे. खाली उतरताच एक माणूस पिसांचा झाडू घेऊन पुढे येतो आणि डोक्यापासून पायापर्यंत तुम्हाला झटकून काढतो, जणू माळ्यावरून काढलेली ट्रंक. खोलीत तसराळ्यात पाणी ठेवलेलं आहे. पहिल्यांदा तोंड धुतलं की त्याचा चहा होतो. दुसऱ्यांदाही चहाच. तिसऱ्यांदा तुमचा चेहरा सापडतो.

जेवायला ट्राउट मासे, जवळच्या नदीतले, लोण्यात परतलेले. मुदपाकखान्याचा मुख्य अह यू नावाचा चिनी स्वयंपाकी. पुढची कितीतरी वर्षं, म्हातारा होईपर्यंत, तो इथंच रांधणार आहे. भूक अशी की काटे काढायचा धीर धरवत नाही. पण आधी कपड्यांचं बघा. पेटी उघडली तर पांढरा झगा विटेच्या रंगाचा झालेला. घाबरू नका, मागच्या अंगाला चिनी लाँड्री आहे. दार उघडलं की वाफेचा भपकारा तोंडावर येतो. साबण, खळ, निखाऱ्यांवर तापलेल्या लोखंडी इस्त्र्या, ओल्या कापडावर इस्त्री टेकताच उठणारा तो चर्र आवाज. तुम्हाला लाँड्रीवाल्याची भाषा येत नाही, त्याला तुमची. तुम्ही झगा दाखवता, मग एकमेकांकडे बोट दाखवता, मग उगाच लाजता. तो हसतो, उद्याचा सूर्य हातानं डोंगरावर काढून दाखवतो. सकाळी. होईल.

होतोही. घडीवर घडी, कडक, पांढराशुभ्र. त्या घडीकडे बघताना मला मात्र मारिपोसाचा कारकून आठवतो. ज्यानं तुम्हाला हसत परवाना दिला, त्याच कारकुनाला कायद्यानं बजावलेलं आहे की चिनी माणसाला गोऱ्या बाईशी लग्नाचा परवाना द्यायचा नाही. तुम्ही ज्या रस्त्यानं आता दरीत उतरणार, तोही चिनी मजुरांनीच भर हिवाळ्यात, हातांनी खणून काढलेला. असो. चला, गाडी जुंपली आहे.

दुसऱ्या दिवसाची वाट सावलीची. देवदारांची खोडं इतकी रुंद की गाडी पुढे जाऊनही झाड संपत नाही. चाकाखाली एक बुटकं, नेच्यासारख्या पानांचं झुडूप चिरडलं जातं आणि त्याचा चिकट, औषधी वास नाकात घर करतो. तो तुमच्या कपड्यांना लागला की लागला. त्यात घोड्यांचा घाम, तापलेली राळ, आणि शेजारच्या गृहस्थाची सिगार. दुपारच्या सुमाराला गाडीवान काही न बोलता घोडे आवरतो.

बघा.

डावीकडे एल कॅपिटन, एकसंध कातळाची भिंत. लांबवर हाफ डोम. उजवीकडे कड्यावरून खाली सोडलेलं एक पांढरं वस्त्र, वाऱ्यानं एकदा इकडे, एकदा तिकडे. ब्रायडलव्हेल. ६२० फूट. इथले मूळचे लोक त्याला पोहोनो म्हणतात. इंग्रजी बोलणाऱ्यांना त्यात नवरीच्या तोंडावरची जाळी दिसली. तुम्हाला काय दिसतं ते मी ओळखलं आहे. दोन माणसांच्या मध्ये धरलेलं, मंगलाष्टकं संपायची वाट बघणारं ते कापड. गाडीत कुणी बोलत नाही. सिगारवाले गृहस्थसुद्धा.

मुक्काम करी दांपत्याच्या तंबूंमध्ये. हॉटेलं महाग, इथं माणशी दिवसाला दोन डॉलर, त्यात बिछाना, जेवण आणि जेवताना स्वच्छ रुमाल. करीसाहेबांचा आवाज मात्र दरीच्या मापाचा. सकाळी ते अशी आरोळी ठोकतात की मेलेलाही न्याहारीला येईल. तंबू कापडाचे, आणि मधली जागा हातभर. एका बाजूचं बाळ रडतं, दुसऱ्या बाजूचे आजोबा खोकतात, मागे कुणीतरी बूट काढून धप्पकन टाकतं. दुसरा बूट कधी पडतो याची सगळी रांग वाट बघते. एकांत हवा म्हणून तुम्ही केवढं अंतर कापून आलात, याचा हिशेब इथं न केलेला बरा.

आता तयारी. लग्न दोघांचंच, तेव्हा करायला आहे काय, असं वाटतं ना? पाद्री लागतो. दरीत एक छोटं लाकडी चॅपल आहे, १८७९ चं. गेल्याच वर्षी ते जुन्या जागेवरून उचलून इथं आणून बसवलंय. तुम्ही आत डोकावता. बाकांच्या रांगा बघितल्यावर पोटात गोळा येतो, एवढ्या बाकांवर बसायला मामांचे व्याहीच हवेत, आणि तुम्ही मागे फिरता. पाद्री शेवटी तुमच्याच तंबूंच्या रांगेत निघतो, सुट्टीवर आलेला, मासे पकडून नाक सोललेला. परवान्याचा कागद वाचतो आणि म्हणतो, येतो की, पण गळ बरोबर आणीन.

मग खाण्याचं. वासाच्या मागे जा, पत्ता विचारायला नको. डेगननबाई भट्टीतून पाव काढताहेत. वरचा पापुद्रा बोटानं दाबला की हलकेच कुरकुरतो, आतून वाफ येते. दोन पाव घ्यायला गेलेले तुम्ही चार घेता. परतीच्या वाटेवर ठक-ठक असा ठेका ऐकू येतो. ओकची फळं कुटताहेत, खडकातल्याच उखळांत. दरी ज्यांची होती त्या लोकांच्या बायका आता हॉटेलांचे कपडे धुतात, टोपल्या विणून प्रवाशांना विकतात. एक म्हातारी मान वर करून तुमच्याकडे बघते, ठेका न चुकवता. तुम्ही ज्याला निर्जन जंगल समजून आलात ते तिचं अंगण आहे. तुम्ही नमस्कार करता. दुसरं काय करणार?

फोटो? जॉर्ज फिस्क कित्येक वर्षं इथं बारमाही राहतो. त्याचा अवजड कॅमेरा आणि काचा तो हातगाडीवर लादून दरीभर हिंडवतो. पण तो ढग, कडे आणि बर्फ यांत रमणारा माणूस. तुमच्यासाठी धबधबा सोडून येईल याची खात्री मी देत नाही.

मुहूर्ताचं मात्र हॅरी बेस्टला विचारा. हा चित्रकार, यंदाच त्यानं इथं स्टुडिओ थाटलाय. गेल्या उन्हाळ्यात त्यानं ब्रायडलव्हेलच्या पायथ्याशीच लग्न लावून घेतलं, तेव्हा अनुभवी माणूस. त्याच्याजवळ टर्पेंटाइनचा वास येतो. (त्याला पुढे मुलगी होईल. ती १९२८ च्या जानेवारीत बापाच्याच स्टुडिओत लग्न करेल, चांगला म्हणून होता तो काळा पोशाख घालून, आणि नवरा उभा राहील बास्केटबॉलचे बूट घालून. त्याचं नाव अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. फोटो बरे काढायचा. आत्ता तो सॅन फ्रान्सिस्कोत पाळण्यात आहे. बेस्टला यातलं काही बोलू नका.) पंचांग नको, ऊन बघा. दुपार कलली की सूर्य धबधब्याच्या समोर येतो आणि पाण्याच्या धुक्यात इंद्रधनुष्य उभं राहतं. तोच मुहूर्त. फार तर तासाभराचा.

म्हणून आता दरीतल्या दुसऱ्या दिवशी घाई चालली आहे. दोघांपैकी जी नवरी असेल तिच्या कॉर्सेटच्या दोऱ्या ओढायला कुणीच नाही, तेव्हा बाळाची आई धावून येते, पाठीवर गुडघा टेकवून दोऱ्या आवळते. श्वास आता वरच्या वरच घ्यायचा. जो नवरा असेल त्याची कडक कॉलर मानेला काचते. कॉलरचं मागचं बटण सापडत नाही, मग आजोबा आपलं काढून देतात. भाड्याची गाडी आली. पाद्री, त्याचा गळ, तुम्ही दोघं, साक्षीला म्हणून आजोबा आणि बाळाची आई, म्हणजे अर्थात बाळही. बेस्ट आपणहून येतो.

पायथ्याशी पोचण्याआधीच हवा बदलते. उन्हाची काहिली मागे राहते, समोरून गार, ओला वारा, शेवाळाचा आणि भिजल्या दगडाचा वास. मग आवाज. लांबून वस्त्रासारखं दिसणारं ते पाणी जवळून मालगाडीसारखं धडधडतं. पाद्री पुस्तक उघडतो, पानं क्षणात ओली होऊन एकमेकांना चिकटतात. तो तोंड हलवतो. तुम्हाला काही ऐकू येत नाही. तो प्रश्न विचारल्यासारखा थांबला की तुम्ही हो म्हणता. बहुतेक बरोबर ठिकाणी. वारा फिरतो आणि सगळं पाणी तुमच्यावर येतं. लाँड्रीवाल्याची खळ उतरते, केस कपाळाला चिकटतात, समोरचं माणूस क्षणभर दिसेनासं होतं. पांढरं, नुसतं पांढरं. मग वारा पुन्हा फिरतो, पडदा सरकतो, आणि तिथं, पाणी निथळत, हसत, तेच उभं आहे. मागे इंद्रधनुष्य.

अंगठी बुटात राहिली. एका पायावर उभं राहून, आजोबांच्या खांद्याला धरून ती काढावी लागते. सगळे हसतात. बाळ सोडून.

रात्री शेकोटी. बातमी तोवर अख्ख्या छावणीत झाली आहे, आणि खास प्रसंगी करतात ते आज करायचं ठरतं. करीसाहेब तोंडाशी हात धरून अंधारात आरोळी देतात. वरून, तीन हजार फुटांवरच्या ग्लेशियर पॉइंटवरून, बारीकसं उत्तर येतं. आणि कड्यावरून निखारे सुटतात, सावकाश, आवाज न करता, लाल धबधब्यासारखे. दीडेकशे अनोळखी माणसं एकाच वेळी श्वास रोखतात. तुम्ही डेगननबाईंचा चौथा पाव तोडून आजूबाजूला देता, कारण तेवढ्यात पाच-सहा हात पुढे झालेले असतात.

तंबूत परत. कंदील लावा. ओले बूट बाहेर, डगला खुंटीला. पडदा ओढून गाठ मारा, घट्ट. झालं, आता कुणी नाही. तुम्ही दोघं.

शेजारच्या तंबूतून खोकला येतो. मग आजोबांचा आवाज, जरा संकोचलेला: "पोरांनो, सुखी राहा. आणि तो कंदील मालवा. कापडावर सगळं दिसतंय."