मुंबईच्या संसाराचा किरकोळ खर्च

घरखर्चाची वही हेही इतिहासाचे साधन होय असे म्हटले, तर ताम्रपट आणि बखरी यांत रमणाऱ्या वाचकांस ते चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. तथापि मुंबईत गेल्या शंभर वर्षांत वेतनाचे व महागाईभत्त्याचे जे तंटे झाले, त्यांच्या मुळाशी अशीच एक वही सापडते. त्या वहीत काय लिहिले गेले याइतकेच तीतून काय वगळले गेले यालाही महत्त्व आहे.

पहिल्या महायुद्धाने धान्य व कापड यांचे भाव भडकले. जुलै १९१४ चा खर्च शंभर धरला, तर ऑक्टोबर १९२० मध्ये मुंबईच्या कामकरी वर्गाचा तोच खर्च १९३ वर गेला होता. गिरण्यांत संप होऊ लागले. पण मजुरी किती वाढवावी हे ठरविण्यास मापच नव्हते. मालक एक आकडा सांगत, कामगार दुसरा. तेव्हा मुंबई सरकारने १९२१ साली मजूर-कचेरी स्थापिली, आणि सप्टेंबरपासून ‘लेबर गॅझेट’ या मासिकात राहणीच्या खर्चाचा निर्देशांक दरमहा छापून येऊ लागला. त्याच वेळी मे १९२१ ते एप्रिल १९२२ या काळात कचेरीच्या लोकांनी चाळीचाळींतून हिंडून २,४७३ कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या पुरुषांचे जमाखर्च टिपून घेतले. जी. फिंडले शिरास यांनी सिद्ध केलेला त्यांचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला.

त्यातील कुटुंबाची सरासरी मासिक प्राप्ती ५२ रुपये ४ आणे ६ पै होती. खर्चाच्या शंभर रुपयांपैकी ५६.८ अन्नावर, ७.४ सरपण व दिवाबत्तीवर, ९.६ कपड्यांवर, ७.७ घरभाड्यावर आणि उरलेले १८.५ किरकोळ सदराखाली जात. शेकडा ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. शेकडा ४७ कुटुंबे कर्जात होती, आणि व्याजाचा रूढ दर दरमहा रुपयास एक आणा, म्हणजे वर्षास शेकडा ७५ होता! अहवालात आणखी एक तुलना आहे, ती वाचून आजही मन अस्वस्थ होते. मुंबईचा कामगार जे धान्य खात होता ते दुष्काळी नियमांतील कमाल शिध्याइतके भरत असले, तरी तुरुंगाच्या नियमावलीत कैद्यास सांगितलेल्या आहाराहून कमी होते. घाम गाळून मिळविलेली भाकर बंदिवानाच्या भाकरीहून लहान होती, हे सरकारच्याच कागदांनी सांगितले.

आता वगळलेल्या गोष्टीकडे वळू. दरमहा छापल्या जाणाऱ्या त्या पहिल्या निर्देशांकात अन्न, सरपण व दिवाबत्ती, कापड आणि घरभाडे एवढ्याच बाबी होत्या. किरकोळ सदराला त्यात स्थान नव्हते. म्हणजे खर्चाचा जवळजवळ पाचवा हिस्सा मापाबाहेर राहिला. औषधपाणी, गावी जाण्याचे भाडे, सावकाराचे व्याज, देवाधर्माची दक्षिणा, हे सारे त्या सदरातले. कोकणातून वा गोव्यातून मुंबईस गेलेल्या माणसाने कुलदेवतेच्या जत्रेस यावयाचे, घरची कार्ये पार पाडावयाची, तर तो खर्च याच ओळीत पडणार. कारकुनाच्या लेखी तो किरकोळ. त्या माणसाच्या लेखी त्याला गावाशी व कुळाशी जोडून ठेवणारा धागा तोच. १९३२-३३ च्या नव्या पाहणीवरून जी पुढील मालिका रचली, तीत हे सदर अखेर आले.

सरकारी मापाने जे सोडले होते, ते आपल्या काही समाजांनी आधीच ओळखले होते. मुंबईत १९१५ साली तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वतांची सहकारी गृहसंस्था निघाली, आणि १९१८ साली सारस्वत सहकारी पतसंस्था, म्हणजे पुढची सारस्वत बँक, स्थापन झाली. घरचे लग्न, आजारपण, जुन्या कर्जाची फेड अशा प्रसंगी अडलेल्या कुटुंबास हात द्यावा, हा या पतसंस्थेचा हेतू होता. नेमक्या याच प्रसंगी माणूस सावकाराच्या दारी जातो, हे तिच्या संस्थापकांस कळले होते.

भाड्याची कथा निराळी. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवले. त्यामुळे जुन्या भाडेकरूचे भाडे कागदावर अल्प राहिले. परंतु नव्याने जागा शोधणाऱ्यास पागडी मोजावी लागे. पागडी घेणे हा गुन्हा असल्यामुळे तिची पावती नसे, आणि ज्याची पावती नाही ते हिशेबात कसे येणार? गोठविलेले भाडे कालांतराने अन्याय्य झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले, आणि १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने वर्षास शेकडा ४ वाढीची मुभा दिली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांतील महागाईभत्ता निर्देशांकाशी बांधला गेला होता. त्यामुळे आकड्यातील चूक सरळ पगारातून वजा होऊ लागली. १९६३ साली बाजारात भाव चढत असता निर्देशांक त्या मानाने चढेना, तेव्हा २० ऑगस्ट रोजी मुंबई बंद झाली. सरकारने प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञसमिती नेमली, आणि निर्देशांक वास्तवाहून कमी आहे हे तीस आढळले. कामगारांनी वाणसामानाच्या अनुभवावरून जे सांगितले, ते तज्ज्ञांच्या गणिताने खरे ठरले.

यावरून आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे. आपल्या देवस्थानांच्या समित्याही पुजारी, वाजंत्री, झाडलोट करणारे यांची वेतने ठरवितात. ती ठरविताना तांदूळ, तेल व कापड यांचे भाव पाहिले जातात. मुलाची शाळा, म्हातारपणीचे औषध, लेकीचे लग्न यांस आपण कोणत्या ओळीत लिहितो, हेही समितीच्या पुढच्या बैठकीत एकवार तपासून पाहावे.