जात आणि वैद्यकीय प्रवेश (मध्य प्रदेश)
प्रवेश देताना उमेदवाराची जात विचारात घेण्याची पद्धत व तिचे परिणाम. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात १९४६ साली गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. राज्यातील अशा महाविद्यालयांत अनुसूचित जाती-जमातींच्या जागा किमान गुणांच्या अटीमुळे रिकाम्या राहत. जागा कागदावर राखीव, बाकावर विद्यार्थी नाही, ही खरी वेदना. राज्याने ती अट उठवली. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय उचलून धरला. एमबीबीएस उत्तीर्ण होण्याचे निकष मात्र सर्वांना सारखेच, हे आरक्षणाचे टीकाकार हमखास विसरतात. पदव्युत्तर प्रवेशातील किमान गुणांची मोठी तफावत न्यायालयाने १९९९ मध्ये अमान्य केली. २०१९ मध्ये राज्याने इतर मागासवर्गीयांचे आरक्षण १४ वरून २७ टक्के केले. वैद्यकीय प्रवेशांपुरती त्या वाढीला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली.