पाटी आणि फळा

गणिताला प्रयोगशाळा लागत नाही की दुर्बीण लागत नाही. पाटी आणि पेन्सिल एवढ्या भांडवलावर ते चालते. म्हणूनच हे शास्त्र गुरूवाचून, आपले आपण शिकता येईल, हा समज फार जुना आहे. भारतात या समजाला आधार म्हणून श्रीनिवास रामानुजन यांचे नाव हटकून घेतले जाते. परंतु त्यांचे चरित्र बारकाईने पाहिले, तर ते या समजाच्या बाजूने जितकी साक्ष देते तितकीच विरुद्धही देते.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या देशात गणिताच्या दोन वाटा दिसतात. पहिली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांची. कोकणातील मुर्डी गावी १८७६ साली जन्मलेला हा विद्यार्थी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून केंब्रिजला गेला आणि १८९९ साली तेथील ट्रायपॉस परीक्षेत विभागून सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. ही वाट वर्गाची, शिस्तीची आणि सरावाची.

दुसरी वाट कुंभकोणमची. रामानुजन यांचे वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. १९०३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, रामानुजन यांच्या हाती कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचे एक पुस्तक पडले. त्यात हजारो सूत्रे ओळीने मांडलेली होती. सिद्धता मात्र बहुधा नव्हत्या, असल्या तर अगदी त्रोटक. जे इतरांना रुक्ष वाटले असते तेच रामानुजन यांना आव्हान वाटले. प्रत्येक सूत्र ते स्वतः पडताळून पाहू लागले. कागद महाग, म्हणून आकडेमोड पाटीवर करावी, कोपराने पुसावी आणि उत्तर तेवढे वहीत उतरवावे, असा त्यांचा परिपाठ पडला.

यात एक मौज आहे. कार हे लंडनमध्ये शिकवण्या घेत, आणि त्यांचा ग्रंथ केंब्रिजच्या त्याच ट्रायपॉसच्या तयारीतून निपजला होता. एकलव्यापुढे निदान गुरूची मातीची मूर्ती तरी होती; रामानुजन यांच्यापुढे होता तो परीक्षार्थींसाठी केलेला सूत्रसंग्रह. स्वयंशिक्षणाच्या मुळाशीही असा कोठे तरी वर्ग असतोच.

प्रत्यक्ष वर्गाने मात्र त्यांना न्याय दिला नाही. १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात मिळालेली शिष्यवृत्ती इंग्रजीतील अपयशाने गेली. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयातूनही ते १९०७ साली एफ.ए.च्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. सर्व विषय एकाच तराजूत तोलणाऱ्या पद्धतीला हा विद्यार्थी तोलता आला नाही.

मग आधार मिळाला तो वर्गाबाहेर जमलेल्या मंडळींचा. डेप्युटी कलेक्टर रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने १९०७ साली भारतीय गणितप्रेमींची एक संस्था उभी राहिली होती. तिचे ग्रंथालय पुण्यास, परांजपे प्राचार्य असलेल्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. याच संस्थेच्या नियतकालिकात १९११ साली रामानुजन यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. दोन्ही वाटा येथे क्षणभर एकत्र आल्या.

१६ जानेवारी १९१३ रोजी, मद्रास बंदराच्या कचेरीत महिना ३० रुपयांवर कारकुनी करीत असताना, त्यांनी केंब्रिजचे गणिती हार्डी यांना पत्र लिहिले. त्यातील कित्येक सूत्रे अपूर्व होती. परंतु मूळसंख्यांविषयीचा त्यांचा दावा चुकीचा ठरला. त्या प्रश्नाला लागणारे संमिश्र फलांचे शास्त्र कार यांच्या पुस्तकात नव्हते, म्हणून ते रामानुजन यांनाही ठाऊक नव्हते. त्याच शास्त्राच्या बळावर युरोपात १८९६ साली मूळसंख्यांचा महत्त्वाचा सिद्धांत सिद्ध झालेला होता. एकांताने त्यांना स्वतंत्र दृष्टी दिली. पण इतरांनी आधीच चालून टाकलेली वाट पुन्हा चालावयास लावून त्याची किंमतही वसूल केली.

१९१४ साली रामानुजन केंब्रिजला पोहोचले, तेव्हा हार्डींपुढे पेच पडला. सारे रीतसर शिकवावे, तर या मनाची स्वाभाविक झेप खुंटावयाची; न शिकवावे, तर चुका तशाच राहावयाच्या. हार्डींनी मधला मार्ग धरला आणि शिकवता शिकवता आपणच अधिक शिकलो, असे पुढे मोकळेपणाने नमूद केले. या सहवासाचे फळ १९१८ साली दिसले. ४ ही संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेने ५ प्रकारांनी मांडता येते. २०० साठी हे प्रकार ३९,७२,९९,९०,२९,३८८ होतात. मॅकमहॉन यांनी परिश्रमाने काढलेली ही संख्या हार्डी व रामानुजन यांच्या सूत्रातील पहिल्या आठच पदांनी तंतोतंत हाती आली. आणि हे सूत्र उभे होते ते त्याच संमिश्र फलांच्या शास्त्रावर, ज्याची उणीव पाच वर्षांपूर्वी भोवली होती.

२६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, रामानुजन यांचा अंत झाला. हार्डींच्या मते अकाली मृत्यूपेक्षाही मोठी हानी होती ती मार्गदर्शनावाचून गेलेल्या ऐन तारुण्यातील वर्षांची. मागे वह्या राहिल्या. त्यांत उत्तरे होती, रीत नव्हती. अमेरिकन गणिती ब्रूस बर्न्ट यांनी १९७७ साली त्या वह्या हाती घेतल्या, आणि १९८५ ते १९९८ या काळात पाच खंडांतून त्यांतील सिद्धता जगापुढे आल्या. कुंभकोणमच्या पाटीवरून कोपराने पुसल्या गेलेल्या पायऱ्या पुन्हा फळ्यावर मांडावयास इतकी वर्षे लागली. पाटीवर शोध लागतो, यात शंका नाही. परंतु तो सर्वांचा व्हावयाचा तर फळा लागतो, आणि फळ्यासमोर ऐकणारे कोणी तरी असावे लागते.